आधी माणसे, मग अग्निबाण

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. मूर्ती शाडूची की कशाची हा पहिला, आणि यंदा बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने पुढे काय करायचे हा दुसरा. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले, तेव्हापासून दुसऱ्या विषयात एका नव्या शब्दाची भर पडली आहे: स्पेस. शेजारच्या अहमदाबादेत बोपळला अवकाश उद्योगाचे नवे कार्यालय झाले, हैदराबाद-चेन्नईच्या खासगी कंपन्यांनी स्वतःचे अग्निबाण उडवले, आणि ‘या क्षेत्रात आता फार वाव आहे’ हे वाक्य आपल्या बैठकीत ऐकू येऊ लागले.

वाव आहे हे खरेच. पण तो निर्माण कसा झाला, कोणी केला आणि त्यासाठी किती वर्षे लागली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. उड्डाणांच्या तारखा पाठ असतात. ती उड्डाणे करणारी माणसे कशी तयार झाली याचा हिशेब कोणी मांडत नाही. यंदाच्या स्मरणिकेत तो मांडावा असे आम्हाला वाटले. त्याला दोन कारणे आहेत. या इतिहासाच्या अगदी पहिल्या पानावर आपल्या शहराचा संबंध येतो, हे एक. आणि उद्याच्या पिढीपुढचा खरा प्रश्न या इतिहासातूनच नीट समजतो, हे दुसरे.

शिकाऊंचे पथक

1947 च्या नोव्हेंबरमध्ये विक्रम साराभाईंनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. जागा होती महात्मा गांधी विज्ञान संस्थेतल्या काही खोल्या, आणि विषय होता विश्वकिरणांचा. अवकाशात यान पाठवण्याची भाषा तेव्हा कोणी करत नव्हते. पण या प्रयोगशाळेने एक गोष्ट केली, जिचे महत्त्व पुढे कळले. विद्यार्थ्याला तयार उपकरण न देता ते त्याच्याकडूनच बनवून घ्यायचे, हा तिथला रिवाज होता. व्हॉल्व्ह बसवणे, डाग देणे, बिघाड शोधणे आणि मग मोजमाप घेणे, हे सगळे एकाच माणसाच्या हातून होई. पंधरा वर्षांनी देशाला अवकाश कार्यक्रमासाठी माणसे लागली तेव्हा अशी हाताने काम केलेली मंडळी तिथे होती.

त्यांत एक होते एकनाथ वसंत चिटणीस. जन्म 1925, कोल्हापूरचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत विश्वकिरणांवर काम करत असताना साराभाईंनी त्यांना परत बोलावले, आणि ते आले. 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाच्या आश्रयाखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली, तिच्या कामाचा मोठा भार चिटणीसांनी वाहिला. केरळच्या किनाऱ्यावर जागांची पाहणी करून थुंबा निवडण्यात त्यांचा वाटा होता, आणि पुढे पूर्व किनाऱ्यावरचे श्रीहरिकोटा शोधण्यातही. शंभरी पूर्ण करून 2025 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. आज श्रीहरिकोट्याहून होणारे उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहताना या कोल्हापूरकराची आठवण किती घरांत निघते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

दुसरे नाव तर थेट आपल्या गावचे. प्रमोद काळे यांचा जन्म पुण्याचा, पण मॅट्रिक बडोद्यातली आणि 1960 ची पदार्थविज्ञानाची पदवी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. तिथून ते अहमदाबादच्या प्रयोगशाळेत गेले. पुढे थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक झाले. पण आपल्याला इथे त्यांच्या मोठ्या पदांपेक्षा त्यांची सुरुवात महत्त्वाची. 1962-63 मध्ये भारताने काही तरुण अमेरिकेत नासाच्या गोडार्ड आणि वॉलॉप्स केंद्रांवर शिकायला पाठवले. त्यांत काळे होते, आर. अरवमुदन होते, ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. बहुतेक विशीतले, आणि अग्निबाण जवळून कोणीही पाहिलेला नव्हता.

हे पथक परत आले आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. त्या दिवशीची सामग्री पाहा. अग्निबाण अमेरिकेचा, त्यातले सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे. कार्यालय सेंट मेरी मॅग्डालेन चर्चमध्ये, आणि ते चर्च बिशप पीटर बर्नार्ड परेरा आणि तिथल्या कोळी बांधवांनी देशाच्या कामासाठी मोकळे करून दिलेले. अग्निबाण प्रक्षेपकावर चढवताना क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेला गळती लागली आणि शेवटी माणसांनी हातांनी तो जागेवर बसवला, असे कलामांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

म्हणजे त्या दिवशी आपले असे काय होते? जागा आणि माणसे. यंत्र उसने होते, पण ते चालवणारे हात उसने नव्हते. साराभाईंनी क्रम ठरवला होता तो असा: आधी शिकलेली माणसे, मग त्यांच्याकडून यंत्रे. आपल्याकडे अनेक मोठ्या योजना याच्या उलट जातात. आधी इमारत, मग यंत्रसामग्री, आणि शेवटी ‘माणसे मिळत नाहीत’ अशी तक्रार.

उसन्यापासून स्वतःच्या रसायनापर्यंत

पुढची दहा वर्षे शिकण्याचीच होती. 20 नोव्हेंबर 1967 रोजी रोहिणी मालिकेतला पहिला स्वदेशी अग्निबाण उडाला. व्यास 75 मिलिमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या सांडपाण्याच्या पाइपाएवढा. कोणी हसावे असेच ते आकारमान. त्याच सुमारास फ्रान्सच्या परवान्यावर सेंटॉर नावाचा मोठा अग्निबाण इथे बनवायला घेतला. परवान्याने आपल्याला कृती मिळाली, पण कृती वाचून पुरणपोळी जमत नाही हे आपल्या घरातल्या प्रत्येकीला माहीत आहे. घन इंधन किती वेळ घोटायचे, ओतताना हवेचा बुडबुडा कसा राहू द्यायचा नाही, ते किती तापमानाला आणि किती दिवस जिरू द्यायचे, हे करून पाहणाऱ्यालाच कळते. एखादा बुडबुडा राहिला तर तिथे आग वेगाने पसरते आणि अग्निबाण फुटतो.

या इंधनाच्या कामाला स्वतःच्या पायावर उभे करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. वसंत गोवारीकर. 1933 साली पुण्यात जन्मलेले, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट केलेले आणि तिथेच अग्निबाणांच्या इंधनावर काम करणारे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात साराभाईंच्या बोलावण्यावरून ते थुंब्याला आले. इंग्लंडमधल्या सुसज्ज प्रयोगशाळेतून ताडामाडाच्या झावळ्यांत येऊन त्यांनी रसायनशास्त्रज्ञांचा आणि तंत्रज्ञांचा चमू उभा केला. घन इंधनाच्या क्षेत्रात भारत आज जगातल्या मोजक्या देशांत गणला जातो, त्याचा पाया हा. पीएसएलव्ही यानाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 138 टन घन इंधन असते. 75 मिलिमीटरपासून इथवरचा प्रवास सुमारे 25 वर्षांचा, आणि ती 25 वर्षे ज्यांनी सलग काढली अशा माणसांचा.

1971 च्या डिसेंबरमध्ये साराभाई अचानक गेले. वय अवघे 52. असा एका माणसाभोवती उभा राहिलेला कार्यक्रम त्याच्या जाण्याने मोडतो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तसे झाले नाही. 1972 मध्ये अवकाश आयोग आणि अवकाश विभाग स्थापन झाले, प्रा. सतीश धवन अध्यक्ष झाले. काम टिकले कारण तोवर कामाच्या प्रत्येक शाखेत ते पेलणारी दुसरी फळी तयार होती. अहमदाबादला उपग्रह संचाराचे भूकेंद्र 1967 मध्येच प्रशिक्षणासाठी सुरू झाले होते. म्हणजे भारताचा एकही उपग्रह नसताना उपग्रहाशी बोलणारी माणसे तयार होत होती. त्यामुळे 1975-76 मध्ये अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी मिळाला, तेव्हा सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग करता आला. त्याची व्यवस्था पाहणारे होते तेच चिटणीस. त्या खेड्यांतले संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवले. ते चालू ठेवणारे, उन्हापावसात ॲंटेना सरळ करणारे दुरुस्ती करणारे होते साधे तंत्रज्ञ. अवकाश कार्यक्रमाची फौज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ येतात. या तंत्रज्ञांची नावे कुठे छापली गेली नाहीत, पण त्यांच्याविना तो प्रयोग पहिल्या पावसाळ्यातच बंद पडला असता.

शिकण्याची किंमत कोणी दिली

शिकणे म्हणजे चुकणे. घरात सायकल शिकणाऱ्या मुलाचे गुडघे फुटतात, तसे अवकाश शिकणाऱ्या देशाचे अग्निबाण समुद्रात पडतात. फरक एवढाच की त्याचा खर्च कोट्यवधींचा असतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो छापून येतो.

10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 चे पहिले उड्डाण फसले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र धवन स्वतः गेले आणि जबाबदारी त्यांनी घेतली. पुढच्या वर्षी 18 जुलैला यश आले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. हा प्रसंग आपण व्यासपीठांवर अनेकदा ऐकतो, आणि ऐकताना तो एका मोठ्या माणसाचा मोठेपणा म्हणून ऐकतो. तो मोठेपणा होताच. पण त्यात एक व्यवहारही होता. फसलेल्या उड्डाणाने जो धडा दिला, तो शिकलेली माणसे घरी पाठवली असती तर धडाही त्यांच्याबरोबर गेला असता. धवनांनी माणसे ठेवली म्हणून एका वर्षात दुरुस्ती झाली.

असेच विकास इंजिनाचे. 1974 मध्ये फ्रान्सशी करार झाला. त्यात आपण रोख रकमेऐवजी मुख्यतः श्रम दिले. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंते फ्रान्समध्ये राहून त्यांच्या व्हायकिंग इंजिनाच्या कामात राबले, आणि त्या बदल्यात इंजिनाचे तंत्र शिकून आले. 1985 मध्ये इथे बनलेल्या इंजिनाची फ्रान्समध्ये चाचणी यशस्वी झाली. हातात पैसा नसलेल्या घराने मुलाला कारागिराकडे उमेदवारीला ठेवावे, तसा तो प्रकार होता. तेच विकास इंजिन आजही आपल्या यानांत चालते.

सर्वांत मोठी परीक्षा अतिशीत इंजिनाची, ज्यात द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरतात. 1991 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. अमेरिकेच्या दबावाने तंत्रज्ञान देणे 1993 मध्ये रद्द झाले, फक्त तयार इंजिने मिळाली. मग ते स्वतः बनवायचे ठरले. 15 एप्रिल 2010 रोजी त्याचे पहिले उड्डाण अपयशी ठरले. 5 जानेवारी 2014 रोजी यश आले. वीस वर्षे! सुरुवातीला पंचविशीत असलेला अभियंता यश पाहताना पंचेचाळिशीचा झाला होता. या वीस वर्षांत त्याचा पगार चालू राहिला, प्रयोगशाळा चालू राहिली, आणि ‘अजून किती वर्षे’ हा प्रश्न विचारूनही सरकारने काम बंद केले नाही. या चुकण्याचा आणि थांबण्याचा खर्च तुमच्या-आमच्या करातून झाला. त्याला आपण अवकाश कार्यक्रमाची फी म्हणू. ती फी देशाने भरली, म्हणून आज तंत्र देशाकडे आहे.

कारखान्यातले हात

इथवर गोष्ट सरकारी संस्थेची झाली. पण एकटी इस्रो यान बनवत नाही. धवनांच्या काळापासूनच ठरले होते की संशोधन संस्थेत, आणि घडण शक्य तितकी बाहेरच्या उद्योगांत. आज पाचशेहून अधिक लहानमोठे कारखाने यानांचे भाग पुरवतात, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला एकेकाळी साखर कारखान्यांची यंत्रे बनत. तिथेच सत्तरच्या दशकापासून अग्निबाणांची पोलादी कवचे बनू लागली. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये आणि हैदराबादच्या एमटारमध्ये विकास इंजिने घडली. पवईच्या लार्सन अँड टुब्रोत मोठ्या कवचांचे काम झाले. विशेष पोलाद दिले हैदराबादच्या मिधानीने.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे कवच 2.8 मीटर व्यासाचे. पोलादाचा पत्रा वाकवून त्याचे कडे करायचे, कडी जोडून खंड करायचा, आणि खंड एकमेकांत खिळवून पूर्ण कवच. आत इंधन पेटले की भिंतीवर प्रचंड दाब येतो. वेल्डिंगच्या रेषेत केसाएवढी भेग राहिली तर तिथून कवच उकलते. म्हणून प्रत्येक जोडाचे क्ष-किरण चित्र काढतात, कवचात पाणी भरून दाबाची चाचणी घेतात, आणि वेल्डिंग करणाऱ्या कारागिराचीही स्वतंत्र परीक्षा होते. जो त्या परीक्षेत उतरला, त्याचाच हात त्या जोडाला लागतो. त्याच्याकडे पदवी असेलच असे नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि दहा-पंधरा वर्षांचा सराव मात्र असतो.

इथे बडोदेकरांनी क्षणभर थांबावे. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांना हाताशी धरून कलाभवन सुरू केले. मराठी राजा आणि सुरतेचा गुजराती रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला, सुतारकाम हे विषय देशी भाषेतून शिकवायचे, म्हणजे कारागिराच्या मुलालाही ते कळावेत, हा त्यांचा हेतू. दादासाहेब फाळके इथेच शिकले. पुढे याच कलाभवनाचे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखेत रूपांतर झाले. सयाजीरावांच्या डोक्यात अग्निबाण नव्हता. पण त्यांना एवढे नक्की कळले होते की उद्योग आधी आणि कारागीर नंतर असे होत नाही. आपल्या घराण्यांनी मात्र महाराजांच्या या दोन देणग्यांपैकी एकच मनापासून घेतली. शिक्षण घेतले, पदव्या घेतल्या, दप्तरात, बँकेत, रेल्वेत, शाळा-कॉलेजात नाव काढले. हाताचे कौशल्य मात्र ‘दुसऱ्यांचे काम’ ठरवले. घरात मुलगा आयटीआयला गेला तर ते हळू आवाजात सांगितले जाते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू या.

आता फी कोण भरणार

चित्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. 2020 मध्ये केंद्र सरकारने अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले. त्यांना परवानगी आणि साहाय्य देणाऱ्या इन-स्पेस या संस्थेचे मुख्यालय 10 जून 2022 रोजी बोपळला सुरू झाले. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला हैदराबादच्या स्कायरूटने विक्रम-एस उडवला. खासगी भारतीय अग्निबाणाचे ते पहिले उड्डाण, आणि नाव साराभाईंचे. 30 मे 2024 रोजी चेन्नईच्या अग्निकुलने आपला अग्निबाण उडवला. पाच पीएसएलव्ही याने संपूर्ण बनवून देण्याचे कंत्राट हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळाले. 2023 मध्ये अवकाश धोरण आले. इस्रोने संशोधनाकडे वळावे आणि नित्याची घडण उद्योगांनी करावी, ही दिशा आता पक्की आहे.

दिशा योग्य आहे असेच आम्हाला वाटते. सुमारे सोळा-सतरा हजार कर्मचाऱ्यांची एक संस्था इतक्या मोठ्या देशाची सगळी गरज भागवू शकत नाही. पण वर मांडलेल्या इतिहासातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता येणार नाही. साठ वर्षे शिकाऊ माणसाचा खर्च सरकारने केला. नासाला पाठवले सरकारने, फ्रान्सला पाठवले सरकारने, अतिशीत इंजिनासाठी वीस वर्षे थांबले सरकार. 2007 मध्ये तिरुवनंतपुरमला अवकाश तंत्रज्ञानाची स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली तीही सरकारनेच. कारण माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेत हुशार पदवीधर इस्रोकडे फिरकेनासे झाले होते. आजच्या नव्या कंपन्यांचे अनेक संस्थापक आणि जाणते अभियंते इस्रोतून आलेले किंवा निवृत्त झालेले आहेत. म्हणजे जुन्या विहिरीचे पाणी नव्या शेताला मिळते आहे. त्यात गैर काही नाही. पण विहिरीत पाणी यायचे कुठून?

खासगी कंपनीला गुंतवणूकदाराला उत्तर द्यावे लागते. दोन उड्डाणे फसली तर तिला तिसरे परवडेलच असे नाही. अशा कंपनीला तयार माणूस हवा असतो; शिकाऊ उमेदवार पाच वर्षे पोसणे तिला अवघड जाते. आणि हे क्षेत्र चुका पूर्णपणे कधीच टाळू शकत नाही. तीस वर्षे विश्वासाने चाललेले पीएसएलव्हीसुद्धा 18 मे 2025 रोजी तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने अपयशी ठरले. जुन्या, मुरलेल्या यंत्राची ही स्थिती, तर नव्यांची काय! अशा वेळी बिघाडाचे मूळ शोधतो तो अनुभवी माणूस, आणि अनुभव विकत घेता येत नाही, तो कुणीतरी कुणालातरी पगार देऊन जमवावा लागतो.

म्हणून अवकाश क्षेत्रात नोकऱ्या किती, यापेक्षा शिकण्याच्या जागा किती, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याची काही आशादायक उदाहरणे आपल्यासमोर आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा सुमारे एक किलोचा उपग्रह बनवला आणि 22 जून 2016 रोजी पीएसएलव्हीने तो कक्षेत नेला. तो बनायला विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या लागल्या. ज्यांनी सुरुवात केली ते पदवी घेऊन गेले, त्यांच्या वह्या आणि अपुरी मंडले पुढच्यांनी हाती घेतली. मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ त्याच वर्षी गेला. इस्रो 2019 पासून शाळकरी मुलांसाठी ‘युविका’ हा उपक्रम चालवते. इस्रोच्या केंद्रांत पदवीधर, पदविकाधारक आणि आयटीआयच्या उमेदवारांना शिकाऊ म्हणून घेतात. त्या जाहिराती आपल्या घरांत फारशा वाचल्या जात नाहीत, एवढेच.

हे पुरेसे नाही. कंत्राट देताना सरकारने उद्योगांना सांगायला हवे की यानाबरोबर इतके शिकाऊही तयार करा. तंत्रनिकेतनांतली आणि आयटीआयची यंत्रे आजच्या कामाला साजेशी हवीत. निवृत्त तंत्रज्ञांना, केवळ शास्त्रज्ञांना नव्हे, शिकवायला बोलावले पाहिजे. क्ष-किरण चित्रातली भेग ओळखणारी नजर पुस्तकात सापडत नाही. या मागण्या आपल्यासारख्या सुशिक्षित समाजाने केल्या तर त्या ऐकल्या जाण्याची शक्यता अधिक.

आणि काही गोष्टी कुणाकडे मागाव्या लागत नाहीत, त्या आपल्याच हातात आहेत. आपले मंडळ इतकी वर्षे चालले ते कशामुळे? दरवर्षी नवीन पोरांच्या हाती मंडपाची दोरी दिली म्हणून. पहिल्या वर्षी कमान वाकडी होते, दुसऱ्या वर्षी ध्वनिवर्धक ऐन आरतीत बंद पडतो, आणि तिसऱ्या वर्षी तोच मुलगा सगळे सांभाळतो. चिटणीस, काळे, गोवारीकर यांच्या पिढीला साराभाई-धवनांनी दिले ते नेमके हेच: चुकण्याची मुभा आणि टिकून राहण्याचा आधार. मंडळाच्या शिष्यवृत्त्या आपण गुणपत्रिका पाहून देतो. त्यांतली एखादी दरवर्षी हाताने काही बनवणाऱ्या, आयटीआयत किंवा तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुला-मुलीला द्यावी, आणि बक्षीस समारंभात तिचे नाव बाकीच्या नावांइतक्याच मोठ्याने पुकारावे, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.

बाप्पा चौदा विद्यांचा अधिपती तसाच चौसष्ट कलांचाही. आपण विद्यांची आरती मनोभावे केली. कलांची थोडी राहून गेली आहे, ती यंदापासून करू या.

गणपती बाप्पा मोरया!